जुळलेली बेरीज

मिलूदची बायको यामना फेब्रुवारीत गेली आणि मार्चच्या पगाराला त्याने तिला स्वतःच्या हाताने कमी केलं. दुसरं कोण करणार होतं? मोरोक्कोत, आसफीच्या बंदरामागच्या सार्डिन मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं पगाराचं काम तोच बघत आला होता.

काम तसं सरळ होतं. डबे भरणाऱ्या बायकांचा पगार इतका कमी की त्यांना आयकर लागतच नसे. लागायचा तो चौसष्ट जणांना. मुकादम, मेकॅनिक, भट्टीवाले, ड्रायव्हर आणि ऑफिसातली माणसं. त्यांच्या पगारातून दर महिन्याला कर कापून सरकारात भरायचा. ज्याच्यावर घरातली जितकी माणसं अवलंबून, तितके तीस दिरहम त्याच्या करातून वजा. बायको धरून फार तर सहा माणसं, त्यापुढे सूट नाही. म्हणून जानेवारीत सगळे आपापली कुटुंबाची पुस्तिका घेऊन मिलूदच्या टेबलापुढे रांग लावत. कोणाला पोर झालं, कोणाची मुलगी लग्न होऊन गेली, कोणाची बायको वारली, ते त्या पुस्तिकेवरून मिलूद आपल्या वहीत उतरवून घेई.

वाफेच्या भट्टीवरचा बुशायब दरवर्षी त्याच रांगेत तीच कुरकूर करायचा.

"मिलूद, सरकारने माझ्या पोराची किंमत अजून तीसच धरली आहे का रे? बोकडाचा भाव बघ कुठे गेला."

"बायको आणि चार पोरं, झाले पाच. अजून एकाची जागा आहे तुला. सातव्याला मात्र काही मिळणार नाही."

"हे हनियाला सांग. माझं घरात कोण ऐकतं?"

रांगेतले हसायचे. मिलूदही हसायचा.

मिलूदला हे काम हाज तिबारी नावाच्या म्हाताऱ्या हिशेबनिसाने शिकवलं होतं. हाज तिबारीचे दोन नियम होते. कागदाशिवाय माणूस वाढवायचा नाही, कागदाशिवाय कमीही करायचा नाही, हा पहिला. दुसरा त्याने एकदाच सांगितला होता, पण मिलूद तो विसरला नाही. "बेरजेत फरक आला आणि त्याला तीसने भाग गेला, तर आकडा शोधत बसू नकोस. माणूस शोध. कोणीतरी जन्मलंय नाहीतर मेलंय, आणि तुला सांगितलेलं नाही."

पुढे कॉम्प्युटर आला, तो चालवायला सना नावाची पोरगी आली, मिलूदला मानाने 'सी मिलूद' म्हणणारी, तरी त्याने वही सोडली नाही. मशीन कर काढायचं, मिलूद वहीत काढायचा, आणि महिनाअखेरीला दोन्ही बेरजा शेजारी ठेवून बघायचा.

मार्चमध्ये मशीनची बेरीज तीस दिरहमांनी कमी आली.

मिलूदने चौसष्ट पगारचिठ्ठ्या एकेक करून तपासल्या. त्रेसष्ट बरोबर होत्या. चौसष्टावी त्याची स्वतःची. त्याची एकुलती मुलगी लग्न होऊन मेकनेसला गेली होती, यामना गेली होती, त्याच्यामागे कोणीच उरलं नव्हतं. स्क्रीनवर त्याने स्वतःच शून्य घातलं होतं आणि ते तिथे दिसतही होतं. चिठ्ठीवर मात्र छापून आलं होतं, 'अवलंबून: एक'.

सनाने बघितलं. पुन्हा शून्य घातलं, पुन्हा चिठ्ठी काढली. पुन्हा एक.

"बाकी सगळ्यांचं बरोबर येतंय, सी मिलूद. तुमचंच असं का?"

"तू सांग. मशीन तुझं."

"मशीनला तुमची दया आली असेल," ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. "माफ करा. तोंडातून गेलं."

"दया आली तर आली. सरकारला तीस दिरहम कमी पडून चालणार नाहीत," मिलूद म्हणाला. दुरुस्तीच्या रकान्यात त्याने पेनाने तीस लिहिले, सही केली आणि बेरीज जुळवून टाकली.

एप्रिलमध्ये पुन्हा तेच झालं. त्याने पुन्हा पेनाने तीस लिहिले. या खेपेला सनाला बोलावलं नाही.

त्याच महिन्यात पाण्याचं बिल आलं. मिलूद बिलं वाचणारा माणूस. घरात दोघं होती तेव्हा जितकं पाणी लागायचं, तितकंच लागलं होतं. नळ कुठे गळत नव्हता. त्याने भांडी लावून पाहिली, रात्री मीटरचा आकडा लिहून ठेवून सकाळी पाहिला. रात्री काही फिरत नव्हतं. जे काही वापरलं जात होतं ते दिवसा, तो कामावर असताना.

मग साखर. मिलूदला मधुमेह होता, चहा तो बिनसाखरेचाच प्यायचा. यामनाला मात्र गोड लागायचं. जांभळ्या कागदातली साखरेची मोठी ढेप ती हातोडीने फोडून डब्यात भरून ठेवायची. शेवटची ढेप तिने जानेवारीत आणली होती. मे महिन्यात मिलूदने तो डबा उचलला तर हलका लागला. उघडून पाहिलं, तळाशी चार खडे होते.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मिलूद घाबरला नाही. बाजारात गेला, एक नवी ढेप घेतली आणि डब्याशेजारी ठेवली. फोडली नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी घरी आला तेव्हा ती फोडलेली होती आणि जांभळा कागद घडी करून ओट्यावर ठेवलेला होता. यामना कागद फेकत नसे, जपून ठेवायची.

ती त्याला दिसली कधीच नाही. आवाजही नाही. फक्त तो दार उघडून आत यायचा तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी नुकतंच थांबल्यासारखं वाटायचं. तो जोडे काढायचा, खुर्चीत बसायचा आणि दिवसभरात काय झालं ते सांगायचा. आज बर्फ उशिरा आला. आज मासळी बारीक होती, मुकादम बायकांवर ओरडला. उत्तर यायचं नाही. पण लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि यामना तेव्हाही फार बोलायची नाही.

मेच्या पगाराला तो तीस दिरहमांची वाट बघत होता. चिठ्ठी हातात घेऊन आधी तीच ओळ वाचली. 'अवलंबून: एक'. त्याने श्वास सोडला. पेनाने तीस लिहिताना मात्र त्याला पहिल्यांदाच जड गेलं. आपणच तिला दर महिन्याला दाराबाहेर काढतो आणि ती परत येते, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

जूनमध्ये बेरीज जुळली.

मिलूदने आधी आपली चिठ्ठी पाहिली होती. तिच्यावर एक होतंच. म्हणजे तीस कमी पडायला हवे होते. पडले नाहीत. वहीतली बेरीज आणि मशीनची बेरीज शेवटच्या पैपर्यंत सारखी. त्याने दोनदा पाहिलं. आता दुरुस्ती लिहायची गरज नव्हती. सरकारचं काही बुडत नव्हतं. यामना चिठ्ठीवर होती आणि हिशेबही बरोबर होता.

एकतीस वर्षं हिशेब केलेल्या माणसाला याचा अर्थ कळत नाही असं नाही. एका चिठ्ठीत तीसची चूक आहे आणि तरी बेरीज जुळते, तर दुसऱ्या कुठल्यातरी चिठ्ठीत तीसची उलटी चूक असते. शिकाऊ पोरालाही हे सांगावं लागत नाही. चौसष्ट चिठ्ठ्या समोर होत्या. तासाभराचं काम होतं.

त्याने शोधलं नाही. सही केली आणि चिठ्ठ्या पाकिटांत भरल्या.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बुशायबची बायको ऑफिसात आली. हनिया कधी कारखान्यात येत नसे. दारात उभी राहिली, डोक्यावरचा रुमाल नीट केला. तिच्या हातात पगाराचं पाकीट होतं.

"या, लल्ला हनिया. बसा," मिलूद उठून अदबीने म्हणाला. "बुशायब भट्टीवर आहे. बोलावू का?"

"नको. तो वाफेपाशी उभा असतो, त्याचे हात स्थिर राहू देत. मी आले होते हे त्याला सांगूही नका." ती बसली. चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि बोट एका ओळीवर टेकवलं. "सी मिलूद, कागद कोणी आणला?"

"कसला कागद?"

"इथे चार लिहिलंय. आम्ही पाच आहोत. तुम्हीच म्हणता ना, कागदाशिवाय माणूस कमी होत नाही? मग कोणीतरी आणला असेल. कोणी आणला? काय लिहिलंय त्यात?"

मिलूदने चिठ्ठी जवळ ओढली. अवलंबून: चार. कर ब्याण्णव दिरहम पंचेचाळीस. त्याने बघताबघता तोंडी हिशेब केला. सहा हजार पगार, त्यातून विम्याचे कापले, कामाच्या खर्चाचे बाराशे सोडले, उरलेल्यावर कर दोनशे बारा पंचेचाळीस. पाच माणसांचे दीडशे वजा. बासष्ट पंचेचाळीस यायला हवे होते.

तीस दिरहम. दुसरी चूक तिच्या पायांनी चालत त्याच्या टेबलापाशी आली होती.

"कोणीच कागद आणलेला नाही," तो म्हणाला. "मशीनची चूक आहे. सना, बुशायबची फाईल काढ बरं."

सना कोपऱ्यात पाव खात होती. हात पुसून तिने फाईल उघडली. "स्क्रीनवर पाच आहेत, सी मिलूद. बायको आणि चार मुलं. कोणाला हात लावलेला नाही."

"मग छापून चार का येतंय?" हनियाने विचारलं.

सनाने मिलूदकडे पाहिलं.

"घरी सगळे बरे आहेत ना?" मिलूदने विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

हनियाने हाताच्या मेंदीकडे पाहिलं. जुनी होती, नखांशी उरलेली.

"अनवार गेला," ती म्हणाली. "थोरला माझा. तानतानहून चोरून होडी निघते ना, स्पेनच्या कॅनरी बेटांवर जाणारी, त्यात. मोटरसायकल विकून पैसे भरले त्याने, आम्हाला नंतर कळलं. सोमवारी नऊ दिवस झाले. किनाऱ्यावरून फोन केला, म्हणाला, आई, समुद्र तव्यासारखा सपाट आहे, काळजी करू नकोस. त्यानंतर काही नाही. आम्ही कोणाला बोललेलो नाही. लोक विचारतात, आम्ही सांगतो अगादीरला मामाकडे आहे. आणि काल बुशायबने पाकीट आणून दिलं. घरात चिठ्ठी मीच वाचते, त्याला बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचली, आणि तुम्ही चार लिहिलंय. रात्रभर मी तीच ओळ बघत होते."

मिलूदच्या मनात जे आलं ते त्याला तिच्यापुढे बोलता येण्यासारखं नव्हतं. घरात साखर संपत होती. पाणी लागत होतं. मशीन यामनाला मोजत होतं ते काही उगीच नव्हतं, असं तो तीन महिने धरून चालला होता. आणि मशीन जर खरोखर आहेत त्यांनाच मोजत असेल, तर अनवारला ते मोजत नव्हतं.

"मशीन म्हणजे काही देव नाही, लल्ला हनिया," तो म्हणाला. "माझीसुद्धा चिठ्ठी चुकीची येते."

"तुमची काय चुकते?"

त्याने सांगायला नको होतं. पण त्याला वाटलं, यानेच तिचा जीव जरा हलका होईल. त्याने खणातून आपली चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली. तिने बोटाने ओळ शोधली आणि वाचली. मग मान वर केली.

"यामना?"

"हो."

"तिला जाऊन चार महिने झाले. मी स्वतः तिला शेवटचं न्हाऊ घातलं."

"हो."

हनियाने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, कडा जुळवल्या. तिला हिशेब शिकवावा लागला नाही.

"तुमचं एक जास्त," ती म्हणाली, "आणि आमचं एक कमी."

सनाने खुर्ची जवळ ओढली.

"दर महिन्याला असंच येतं का?"

"माझं येतं. मार्चपासून. मी दर महिन्याला पेनाने दुरुस्त करतो."

"या महिन्यात केलंत?"

मिलूदने समोरची वही मिटली.

"नाही केलंत," हनिया म्हणाली. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "सी मिलूद, यामना माझी मैत्रीण होती. तुमचं दुःख मला समजतं. पण तिला ठेवून घ्यायला तुम्ही माझं पोर दिलंत का?"

"असं काही नसतं, मावशी," सना म्हणाली. "मशीन आहे ते. त्यात काय—"

"पोरी, तू गप्प बैस. तुला अजून मूल नाही." हनियाने मिलूदवरची नजर हलवली नाही. "तिला काढा. आत्ता, माझ्यासमोर. मग माझी चिठ्ठी पुन्हा काढा."

मिलूदने पगाराचा तक्ता पुढे ओढला. दुरुस्तीच्या रकान्यात आपल्या नावापुढे तीस लिहिले, सही केली. सनाने आकडा घातला, बुशायबची चिठ्ठी पुन्हा काढली. छपाईचं यंत्र घरघरलं. तिघंही कागद बाहेर येताना बघत होती.

चार. ब्याण्णव पंचेचाळीस.

"आधीच्या महिन्यांतही मी हेच केलं होतं," मिलूद म्हणाला. "ती पुन्हा यायची."

"कारण पेनाने माणूस जात नाही," हनिया म्हणाली. "तुम्हीच म्हणता, कागद लागतो. तिचा कागद कुठे आहे?"

मिलूदच्या मागे लोखंडी कपाटात चौसष्ट पुठ्ठ्याच्या फायली होत्या. सनाने उठून त्याची फाईल काढली आणि उघडली. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्म, मुलीचं लग्न. त्यानंतर काही नव्हतं.

"सी मिलूद," सना हळू आवाजात म्हणाली, "मृत्यूचा दाखला लावलेलाच नाही तुम्ही."

एकतीस वर्षांत त्याने कोणालाही कागदाशिवाय सोडलं नव्हतं. एका मेकॅनिकला, बाप वारल्याच्या चौथ्या दिवशी, दाखल्याची प्रत नाही म्हणून परत पाठवलं होतं. स्वतःच्या वेळी त्याने म्हटलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं, मला कागद कशाला? शून्य घातलं आणि पुढे गेला. दाखला घरी होता. कुटुंबाच्या पुस्तिकेत घालून कपाटाच्या खालच्या खणात ठेवला होता, यामनाच्या ओढण्यांखाली. तो खण त्याने त्यानंतर उघडलेला नव्हता.

"मी इथेच बसते," हनिया म्हणाली.

घर कारखान्यापासून वीस मिनिटांवर होतं. ऊन डोक्यावर होतं, गल्लीत कोणी नव्हतं. इतक्या दिवसांत तो भर दुपारी कधी घरी आलेला नव्हता. दाराशी पोचला तेव्हा आत नळ चालू होता. त्याला स्पष्ट ऐकू आलं. कोणीतरी गव्हाचा कोंडा चाळावा तसा बारीक आवाजही येत होता. त्याने किल्ली लावली. किल्ली फिरली तसं दोन्ही थांबलं.

मोरीत टब होता, त्यात पाणी होतं आणि पाण्याला अजून लाटा होत्या. ओट्यावर एक ग्लास पालथा घातलेला, बाहेरून ओला. मिलूदने ग्लासाला हात लावला. कोमट होता.

त्याने जोडे काढले. आतल्या खोलीत गेला, कपाटापुढे जमिनीवर बसला आणि खालचा खण ओढला.

खण आला नाही. कुलूप नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी ओढला, पाय कपाटाला लावून ओढला. आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखा तो बोटभर यायचा आणि परत जायचा.

मिलूदने हात सोडले.

"यामना," तो म्हणाला, "बुशायबचा थोरला. अनवार. लहानपणी तुझ्या मागे मागे फिरायचा, तू त्याला पिठाचे घोडे करून द्यायचीस. तो समुद्रात आहे."

घर ऐकत होतं.

"मी तुला काढत नाहीये. फक्त कागद लावतोय. नियम आहे."

हे खोटं होतं. ते खोटं आहे हे घरालाही कळलं असं त्याला वाटलं, कारण हवा एकदम जड झाली आणि त्याच्या मानेवर कोणीतरी बघत असल्याचा भार आला. मागे वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही. वळला असता तर कदाचित ती दिसली असती, आणि मग तो कुठे गेला नसता. त्याने डोळे मिटले.

"काढतोय," तो म्हणाला. "तुला काढतोय. मला नको होतं. मी सगळं जाणून गप्प बसलो होतो. अजूनही तू म्हणालीस तर मी इथेच बसून राहीन, हनिया तिथे बसलेली असली तरी. म्हणून तू म्हणू नकोस."

मग खण आपला आपण चार बोटं पुढे आला, जसा नीट तेल घातलेला खण येतो. वरच्या ओढण्या कोणीतरी आधीच बाजूला सारून ठेवल्या होत्या. पुस्तिका समोर होती.

त्याने पुस्तिका उचलली आणि तो उठला. जाताना त्याने स्वयंपाकघरात पाहिलं नाही.

हनिया तशीच बसलेली होती. सनाने तिला चहा दिला होता, तिने घेतला नव्हता. मिलूदने दाखल्याची प्रत काढली, कारखान्याचा शिक्का मारला, तारीख घातली. फाईलच्या तारेत ओवण्यासाठी कागदाला भोकं पाडली. इतकी वर्षं हजारो कागदांना पाडली होती, तशीच. कागद मुलीच्या लग्नाच्या दाखल्यावर बसवला आणि तार दुमडली.

"माझी आधी काढ," तो सनाला म्हणाला.

चिठ्ठी आली. 'अवलंबून: शून्य'. मार्चपासून पहिल्यांदाच. मिलूदने ती वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. त्याने घातलेली तीसची दुरुस्ती आता जास्तीची झाली होती, ती त्याने रेघ मारून रद्द केली आणि रेघेशेजारी सही केली.

"आता बुशायबची."

यंत्र घरघरलं. हनियाने कागदाकडे पाहिलं नाही, मिलूदच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"पाच," तो म्हणाला. "बासष्ट पंचेचाळीस."

हनियाने दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. ती रडली नाही. नवी चिठ्ठी पाकिटात घातली, जुनी टेबलावर सोडली. दाराशी जाऊन थांबली.

"सी मिलूद, घरी एकटे जेवू नका आज. बुशायबबरोबर या."

"बघतो."

तो गेला नाही. संध्याकाळी आपल्या घरी आला. टबात पाणी होतं तसंच होतं, आता अगदी सपाट. ग्लास वाळला होता. त्याने जोडे काढले, खुर्चीत बसला, दिवसाचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. खोलीत टेबल होतं, खुर्ची होती, भिंत होती. फेब्रुवारीत लोक मातीला जाऊन परत गेले त्या संध्याकाळीसुद्धा घर इतकं रिकामं नव्हतं. तो अंधार होईपर्यंत बसून राहिला आणि दिवा लावायला उठला तेव्हा त्याला कळलं की आपण रडतोय.

त्यानंतर पाच दिवस बुशायब भट्टीवर आला, काम करून गेला. मिलूदशी बोलला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. हनियाने त्याला काही सांगितलं होतं की नव्हतं, कोण जाणे. सहाव्या दिवशी तो आलाच नाही. मुकादम म्हणाला, अगादीरला गेलाय, भाऊ आजारी आहे म्हणे. मिलूदने हजेरीत रजा मांडली. मांडताना कारणाच्या रकान्यात पेन थांबलं, मग पुढे गेलं.

सोमवारी सकाळी बुशायब सरळ ऑफिसात आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. सना अजून आलेली नव्हती. त्याने दार लावून घेतलं, मिलूदच्या टेबलापाशी आला आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला.

"घरी आणलं त्याला," तो म्हणाला. "पायाचं कातडं गेलंय होडीत सांडलेल्या पेट्रोलने, ओठ फुटलेत. पण बोलतो. रात्री दोन भांडी हरीरा सूप प्यायला. मी म्हटलं, गाढवा, मोटरसायकल विकलीस ती आता तुझा मामा घेऊन देणार आहे का? तर हसला."

मिलूदने त्याला खुर्ची ओढून दिली. "कसा सापडला?"

"मासेमारीची बोट होती, अगादीरचीच. होडीचं इंजिन दुसऱ्याच दिवशी बंद पडलेलं, नुसते वाहत होते. एकोणतीस जणांतले अकरा उरले होते. अनवार म्हणतो, त्याला तर बोटवाल्यांनी मेलेल्यांतच धरलं होतं. बाजूला ठेवला होता, वरून ताडपत्री टाकली होती. मग कोणाला तरी दिसलं की याचा हात हलतोय." बुशायबने तळहाताने डोळे पुसले. "आणि ऐक. हनिया म्हणते तुला सांगायलाच पाहिजे. मी त्या बोटीच्या कप्तानाला विचारलं, नेमका कधी हलला हात? तर तो म्हणाला, त्याच्या वहीत आहे, वार आणि वेळ. मी उतरवून आणलंय."

त्याने शर्टाच्या खिशातून एक चिटोरं काढलं आणि उलगडायला लागला.

मिलूदने हात पुढे करून त्याच्या बोटांवर ठेवला. जूनची ती एक बेरीज वगळता एकतीस वर्षांत त्याने एकही आकडा न तपासता सोडला नव्हता.

"नको सांगूस," तो म्हणाला.

"का? तुला जाणून घ्यायचं नाही?"

"सांगितलंस तर मला ते खरं आहे का बघावं लागेल. खिशात ठेव. आणि सुट्टीचा अर्ज भरून दे, चार दिवस झाले तुझे."

बुशायबने चिटोऱ्याची घडी केली, पुन्हा खिशात घातली आणि अर्ज मागितला.